टोपलीखालची रुजवण

प्रकाशसंश्लेषणाचा धडा मी इतकी वर्षं शिकवते आहे, की आता तो मला शिकवावा लागत नाही. तो आपला आपण तोंडातून बाहेर पडतो आणि मी मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार करत उभी असते. डिचोलीतली आमची हायर सेकंडरी. पुस्तक इंग्रजीत, समजावून सांगणं आमच्या बोलीत. खिडकीबाहेर आंब्याचं झाड आहे, पण खनिजाचे ट्रक परत सुरू झाल्यापासून त्याची पानं लाल धुरळ्याने अशी माखलेली असतात की मुलांना 'पान हिरवं असतं' हे सांगताना माझं मलाच हसू येतं. हसू तरी कसलं, वैताग.

गेल्या वर्षीही नवरात्राच्या आधी तोच धडा आला. मी फळ्यावर पान काढलं, वर सूर्य काढला आणि सुरू झाले. ऊन साठवून ठेवता येत नाही, मी म्हटलं. अंगणात ताट ठेवा, तापेल. आत आणा, निवेल. संपलं ऊन. पान मात्र जाणाऱ्या उन्हाला धरून ठेवतं. हरितद्रव्यावर प्रकाश पडला की त्यातला एक इलेक्ट्रॉन उसळून वर जातो. त्याला एकदम खाली पडू द्यायचं नाही, पायरी पायरीने उतरवायचं, आणि उतरता उतरता त्याचा जोर काढून घ्यायचा. त्या जोरावर एटीपी आणि एनएडीपीएच हे दोन रेणू तयार होतात. ऊन त्यांच्यात बांधलं गेलं. निघून गेलेल्या इलेक्ट्रॉनची जागा पाणी भरून देतं आणि ती भरताना स्वतः फुटतं. त्यातला ऑक्सिजन पान बाहेर टाकतं, आणि त्या टाकलेल्यावर आपण जगतो. मग ते दोन रेणू आपली शक्ती देऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर घडवतात. पुढे भात, नाचणी, नारळ, सगळं त्यातूनच.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "टीचर, मग रुजवण काळोखात कशी वाढता?"

वर्ग हसला. प्रश्न मात्र वेडा नव्हता. आमच्याकडे घटस्थापनेला परातीत माती घालून भात, नाचणी, मूग असली धान्यं पेरतात आणि वर टोपली झाकून देवांच्या खोलीत ठेवतात. उजेड लागू द्यायचा नाही. दसऱ्याला टोपली काढायची, की आत वीतभर उंच, सोन्यासारखे पिवळे कोंब असतात. ती रुजवण. ती कापून देवाला वाहायची, बायकांनी केसांत माळायची, पुरुषांनी कानावर खोवायची. जितकी पिवळी, जितकी उंच, तितकं वर्ष चांगलं.

मी तिला सांगितलं, बी म्हणजे मागच्या वर्षीचं ऊन. आईझाडाने बांधून दिलेली शिदोरी. काळोखात कोंब नवीन काही कमवत नाही. हिरवा रंग करायलाही त्याला उजेड लागतो, म्हणून तो पिवळाच राहतो. जवळ आहे तेवढं सगळं तो फक्त लांब होण्यात घालवतो, कुठे तरी उजेड मिळेल म्हणून.

"आणि शिदोरी सोपली काय?"

"मग आडवा पडतो. पण आपण त्याच्या आधीच कापतो, त्यामुळे तो प्रश्न येत नाही."

परत हशा. मीही हसले. घंटा झाली, मी वही-डस्टर उचललं आणि बस पकडायला धावले, कारण घरी माझ्या सासूबाईंना संध्याकाळच्या गोळ्या द्यायच्या होत्या.

सासरे उन्हाळ्यात गेले. बसल्या जागी, चहाचा कप हातात असताना. बाराव्या-तेराव्यापर्यंत सासूबाई ठीक होत्या, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत होत्या. माणसं पांगली आणि त्या देवांच्या खोलीला लागून असलेल्या बाळंतिणीच्या खोलीत जाऊन निजल्या. त्या खोलीला जनेल म्हणजे खिडकी नाही. दिवसाढवळ्या दिवा लावावा लागतो, आणि त्या तो लावू देत नव्हत्या. पावसाळा आला, गेला, गणपतीत शेजारची आरती ऐकू आली, पण ह्या काही बाहेर आल्या नाहीत. डॉक्टरांनी रक्त तपासलं, हाडं ठिसूळ झालीत म्हणाले, मोठं दुखणं काही नाही, रोज थोडा वेळ उन्हात बसवा. सांगायला काय जातं! मी रोज सांगायची, "आई, चला, अंगणात कदेल ठेवलीय, जरा बसा." त्यांचं उत्तर ठरलेलं.

"माका खंय जावचा नाय. पायांत बळ नाय गो."

त्यांचं माहेर दोडामार्गाच्या पलीकडचं. इतकी वर्षं गोव्यात काढूनही बोली तीच राहिली. पूर्वी ती बोली घरभर घुमायची. पोदेर, म्हणजे पाववाला, उंडे घेऊन आला की त्याच्याशी त्या दारात अर्धा तास भांडायच्या, उंडो हलको झालो म्हणून. आता पोदेर नुसता भोंगा वाजवून जायचा.

सांगूनच टाकते, मला त्यांचा राग यायचा. दुःख होतं, मान्य. पण मीही माणूस आहे. पहाटे उठून स्वयंपाक, त्यांचं आंघोळपाणी, बस, शाळा, परत येऊन त्यांचं जेवण, पेपर तपासणं. मुलगी शिकायला बाहेरगावी. नवरा मांद्रेला एका गेस्ट हाऊसचं काम बघतो. सीझन लागला की तो आठवड्यातून एकदाच घरी, आणि आला की झोपलेला. फोनवर विचारायचा, "आई कशी आहे?" मी म्हणायची, "आहे." मी कशी आहे, ते त्याने विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. बसमध्ये डोळा लागून आमच्या शिरगावच्या फाट्यापुढे गेले आणि उलट चालत आले, असं त्या दिवसांत एकदा नाही, पुष्कळदा झालं.

त्यात घटस्थापना आली. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.

वर्षाचा दुखवटा होता, सणवार, गोडधोड काही नव्हतं. पण घट मोडायचे नाहीत, हे आमच्या घराण्यात पक्कं. आणि रुजवण घालणं हे इतकी वर्षं सासूबाईंचं काम. त्यांच्या हाताला रुजवण अशी यायची की वाड्यावरच्या बायका बघायला यायच्या. त्या माती चाळायच्या, धान्य भिजवायच्या, कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. मलाही नाही. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. एक काम कमी, इतकंच.

आदल्या संध्याकाळी काकी आल्या. काकी म्हणजे सासऱ्यांच्या धाकट्या भावाची बायको, शेजारचंच घर. स्वभावाने वाईट नाहीत, पण सगळ्या रीतीभाती जणू त्यांच्याच पदराला बांधलेल्या. देवांच्या खोलीत उभ्या राहून त्या मोठ्याने म्हणाल्या, "ह्या वर्सापसून रुजवण सुनेन घालूची. वयनींचो हात आता चालूचो नाय. सवाष्णीचो हात लागता."

भिंतीपलीकडे सासूबाई होत्या. दार उघडं होतं. काकींना ते ठाऊक होतं. मी काही तरी बोलायला हवं होतं, पण तेवढं बळ माझ्यात उरलं नव्हतं. मी म्हटलं, "बरं."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी रुजवण घातली. हाताला येईल तशी. माती नीट चाळली नाही, मूग जास्त पडले. वर टोपली झाकली आणि शाळेत गेले. संध्याकाळी सासूबाईंचं ताट आत नेलं तर ते जवळजवळ तसंच परत आलं. पुढचे दोन दिवसही तेच. भाताची दोन शितं खायची आणि भिंतीकडे तोंड करून निजायचं. नवऱ्याला फोन केला, "त्या खात नाहीत, तू ये." तो म्हणाला, "दसऱ्याला येतोच आहे ना." वर्गात सांगितलेलं मला आठवलं. शिदोरी संपली की आडवा पडतो. ह्या बाईने आता बाहेरून काहीच घ्यायचं नाही असं ठरवलं होतं, आणि आतलं किती शिल्लक आहे ते मला दिसत होतं.

मग कधी तरी ताट थोडं रिकामं येऊ लागलं. भाजी संपलेली असायची. एकदा त्यांनी आपण होऊन कढी मागितली. मी कारण शोधत बसले नाही. सुटले, इतकंच वाटलं.

मी रुजवणीवर पाणी शिंपडायची ते पहाटे, समईच्या उजेडात, अर्धवट झोपेत. टोपली उचलायची, हाताने पाणी मारायचं, टोपली ठेवायची. आत काय उगवतंय हे बघण्याइतके डोळे उघडलेलेच नसायचे. पण दसऱ्याच्या आधी रविवार आला. मी उशिरा उठले, उजाडल्यावर देवांच्या खोलीत गेले आणि टोपली उचलली.

अर्धी रुजवण हिरवी होती.

म्हणजे अशी, की परातीच्या एका बाजूला हवे तसे उंच पिवळे कोंब, आणि दुसऱ्या बाजूला ठेंगणे, जाड, हिरवेगार. आणि ते हिरवे सगळे एकाच दिशेला वाकलेले. डोंबल, म्हटलं, हे काय झालं? झोप खाडकन उडाली. आधी काकींचं तोंड डोळ्यांपुढे आलं. मग डोक्यातली शिक्षिका जागी झाली. हिरवा रंग उजेडाशिवाय येत नाही. समईच्या दोन मिनिटांच्या उजेडात तर असा येणारच नाही. कोणी तरी ह्या बाजूने टोपली उचलून धरली होती, आणि एकदा नाही, रोज, चांगला वेळ.

मी वर बघितलं. देवांच्या खोलीच्या छपराला एक काचेचं कौल आहे. पूर्वी तिथे पोथी वाचायला दिवसाही उजेड नसायचा, म्हणून सासऱ्यांनी ते स्वतः चढून बसवलं होतं. उतरताना पाय मुरगळून महिनाभर घरी बसले आणि सासूबाईंची बोलणी खाल्ली. दुपारी त्यातून उन्हाचा एक चौकोन खाली जमिनीवर पडतो. कोंब त्या कौलाच्या दिशेने वाकले होते. आणि देवांपुढचा पाट, जो मी रोज भिंतीला टेकवून ठेवते, तो त्याच जागी, जिथे ऊन पडतं तिथे आडवा ठेवलेला होता.

दुपारी घरात असतं कोण? एकच माणूस. पायांत बळ नसलेलं.

मला पहिल्यांदा हसू आलं. मग इतका संताप आला की परात उचलून अंगणात भिरकावावी. महिनोन् महिने मी हातापाया पडते आहे, चला उन्हात, बसा उन्हात, आणि ह्या माझी पाठ फिरली की उठून येतात, पाट घेतात, टोपली कलती करून रुजवणीशेजारी उन्हात बसतात! आणि मी घरी येईपर्यंत परत आत, भिंतीकडे तोंड! मग संतापही टिकला नाही. त्यालाही बळ लागतं. मी तिथेच खाली बसले आणि त्या हिरव्या कोंबांकडे बघत राहिले. त्या बसत होत्या. कोणासाठी का असेना, कोणापासून लपून का असेना, त्या रोज उठून बसत होत्या. म्हणूनच कढी मागितली होती.

टोपली झाकली. पाट होता तिथेच राहू दिला आणि त्याच्याजवळ पाण्याचा तांब्या भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तेव्हा तांब्या अर्धा झाला होता. मी तो परत भरून ठेवला.

दसऱ्याला सगळे जमले. नवरा आला होता, काका-काकी आले. काकींनी कापायला पंचा-विळी मांडली, मी टोपली उचलली, आणि काकींच्या तोंडून किंकाळीच निघाली.

"अगो बाय माझे! हिरवी? अर्धी रुजवण हिरवी? ह्या घरात असा कधी जावंक नाय!"

काका म्हणाले, "असूं दे गे." पण काकी कुठल्या ऐकतात! अपशकुन झाला म्हणाल्या. आधीच घरातलो कर्तो माणूस गेलो, आता काय होतला कोण जाणे. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू टीचर! पोरांका झाडां शिकयतंस, आणि एक टोपली नीट झाकूक येना नाय तुका?"

नवरा जमिनीकडे बघत होता. मी सांगू शकले असते. एका वाक्यात सुटले असते. पण मग भिंतीपलीकडचं ते माणूस परत कधी उठलं नसतं, आणि ते मला परवडणारं नव्हतं. मायेचं सोडा, पण परत ती रिकामी न होणारी ताटं उचलायची ताकद माझ्यात नव्हती.

"माझ्याच हातून राहिली उघडी," मी म्हटलं. "शाळेची घाई होती. चुकलं."

"चुकला म्हणान कसा चलतला? घराण्याचो—"

"तेचा काय चुकूक नाय."

सगळ्यांनी वळून बघितलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. चौकटीला धरून, पण उभ्या. उजेडात त्यांना बघून नवऱ्याचा चेहरा पडला. त्या किती वाळल्यात हे त्याला तेव्हा दिसलं. मला रोजचं होतं.

"टोपली मी उघडलंय," त्या म्हणाल्या.

काकींनी तोंडाला पदर लावला. "वयनी! तुम्ही घटाक हात लायलात?"

"घटाक नाय. टोपलेक लायलंय. टोपली काय देव?"

काका हसू दाबायला दुसरीकडे बघू लागले. सासूबाई हळूहळू पुढे आल्या, भिंतीला धरत, आणि त्या पाटाजवळ थांबल्या. दुपार व्हायची होती, तरी उन्हाचा चौकोन भिंतीवरून खाली सरकायला लागला होता.

"तेंनी बसयलेला कौल ह्या," त्या म्हणाल्या. "पाय मोडून घेतलो तेच्यापायी. हंयचा ऊन माझा. मी हंय बसलंय, आणि बसलंय तेवां ह्या बिचाऱ्यांका कित्याक काळोखात ठेवू? बसली माझ्यावांगडा. झाली हिरवी. आता काप गो, बघतंस काय?"

हे शेवटचं मला. मी विळी घेतली आणि कापली. पिवळी रुजवण देवांना वाहिली, काकींनी थोडी पदरात घेतली. हिरवीला त्यांनी हात लावला नाही. पुटपुटत निघून गेल्या, पण जाताना दारातून मागे वळून म्हणाल्या, "वयनी, जेवान धाडतंय, खावा." काकी अशाच आहेत.

परातीत हिरवे कोंब तेवढे राहिले. सासूबाईंनी त्यांची एक लहानशी जुडी उचलली. मला वाटलं देवापुढे ठेवतील. त्यांनी ती माझ्या केसांत खोवली. पीन कुठे आहे ते चाचपून, नीट, पूर्वी त्या अबोलीचा वळेसार माळायच्या तशी. त्यांचा हात माझ्या डोक्याला लागल्याला किती महिने झाले होते, आठवेना.

"चहा ठेवते," मी म्हटलं आणि स्वयंपाकघराकडे वळले.

त्यांनी मनगट धरलं. हाडंच नुसती, पण पकड सुटेना.

"खंय चल्लंस?"

"चहा ठेवते ना सगळ्यांना."

"चाय माका येता करूक. तू बस हंय." त्यांनी पाट पायाने सरकवून उन्हात आणला. "आरशात बघलंस कधी? रुजवणीसारखी पिवळी झालंस."

मी पाटावर बसले. नवरा आईला आधार द्यायला पुढे झाला, तर त्यांनी त्याचा हात झटकला आणि भिंतीला धरत आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला, मग गॅस लागल्याचा. ऊन खांद्यावर आलं, मग मांडीवर. मला रडू यायला लागलं आणि मी ते आवरलं नाही. नवरा तिथेच उभा होता, काय करावं ते न कळून. मी त्याला सांगितलं, मी दमले आहे. इतकी वर्षं हे वाक्य मी त्याच्यासमोर कधी बोललेच नव्हते.

स्वयंपाकघरातून सासूबाईंनी हाक मारली.

"गो, तुका साखर किती लागता?"

लग्न होऊन आले तेव्हापासून ह्या घरात चहा मी करत होते आणि त्या पीत होत्या. माझ्या कपात किती साखर असते, हे त्यांना माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

"दोन चमचे, आई," मी बसल्या जागेवरून सांगितलं.